कर्नल सँडर्सच्या प्रेमात का पडता येत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

केएफसीचे संस्थापक कर्नल सँडर्स यांना तरुण प्रियकर बनवणाऱ्या 'आय लव्ह यू, कर्नल सँडर्स!' या गेमविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: हा खेळ फुकट आहे, तो तासाभरात संपतो, ती केएफसीची जाहिरात आहे हे कोणी लपवलेले नाही, आणि घटकाभर हसवण्यापलीकडे त्याचा काही दावाही नाही, तेव्हा तो खेळून हिरमुसलेल्या खेळाडूंची बाजू घेऊन मी एका साध्या गमतीवर नको तेवढा भार टाकला. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असे आपण सुनावले आहे. पुढे आपण असेही लिहिले आहे की, पक्ष्यांशी प्रेम जुळवण्याच्या ज्या 'हातोफुल बॉयफ्रेंड' या खेळाचे मी कौतुक केले तोही आपण पहिल्या शेवटापर्यंत खेळून पाहिला आणि तोही तितकाच पोकळ वाटला. म्हणजे विनोदी डेटिंग सिम, अर्थात पात्रांशी प्रेम जुळवण्याचा संगणकीय खेळ, हा प्रकारच मुळात एका चुटक्याएवढा आहे. दोन्ही मुद्दे मला मान्य नाहीत, आणि दुसरा तर पहिल्यापेक्षाही कमी मान्य आहे, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

खेळ लहान आहे ही माझी तक्रार नव्हती आणि आजही नाही. 24 सप्टेंबर 2019 रोजी स्टीम या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानात आलेला, सायॉप या स्टुडिओने केएफसीसाठी बनवलेला हा खेळ बेताचाच असणार, हे त्याच्या कथानकातच ठरलेले आहे. पाकशास्त्राच्या एका काल्पनिक विद्यालयात आपण दाखल होतो. तिथले संपूर्ण सत्र तीन दिवसांचे असते, प्राध्यापक म्हणून एक कॉर्गी जातीचा कुत्रा शिकवतो, आणि पांढऱ्या केसांचा, चष्म्याचा, देखणा तरुण कर्नल सँडर्स आपल्या वर्गात असतो. सोबत मिरियम नावाची जिवलग मैत्रीण असते, ॲशली आणि व्हॅन व्हॅन हे प्रतिस्पर्धी असतात. चित्रे उत्तम आहेत. खाद्यपदार्थ तर इतक्या मायेने रंगवलेले आहेत की, ते काढणाऱ्याने त्या कामात जीव ओतला आहे हे पाहताक्षणी कळते. विनोदही पुष्कळ ठिकाणी जमले आहेत, आणि हे मी मूळ लेखातही लिहिले होते.

आता अपेक्षेचा प्रश्न. निराश झालेल्यांनी ही अपेक्षा स्वतःच्या मनाने उभी केली, असे आपण म्हणता. पण खेळाच्या स्टीमवरच्या परिचयातच काही तासांच्या खेळाचे आश्वासन आहे, आणि आपल्या निवडींचे खरे परिणाम होतील, त्यात पात्रांच्या भावना पणाला लागलेल्या असतील, असा इशाराही आहे. तो गमतीच्या सुरात दिलेला आहे हे मलाही कळते. तरीही आश्वासन गमतीने दिले म्हणून ते आश्वासन राहत नाही, असे होत नाही. या प्रकारचे खेळ ज्याने थोडेफार खेळले आहेत, तो खेळाडू 'निवड' आणि 'परिणाम' हे शब्द वाचतो तेव्हा त्याच्या मनात एक फार ठरावीक गोष्ट उभी राहते, आणि ती त्याला या प्रकाराच्या इतिहासाने शिकवलेली असते.

हा इतिहास थोडा सांगायला हवा. कोनामीचा 'तोकिमेकी मेमोरियल' 1994 साली जपानमध्ये पीसी इंजिन या घरगुती गेमयंत्रावर आला आणि या प्रकाराची घडी बऱ्याच अंशी त्याने बसवली. हायस्कूलची तीन वर्षे, अभ्यास, खेळ, दिसणे यांचे वाढते-घटते आकडे, आणि शेवटी पदवीदानाच्या दिवशी एका झाडाखाली मिळणारी किंवा न मिळणारी प्रेमाची कबुली. त्यात शिओरी फुजिसाकी ही नायकाची बालमैत्रीण आहे. सुरुवातीच्या काळात तिला 'सोबत घरी जाऊ या का' असे विचारले, तर मैत्रिणींमध्ये चर्चा झाली तर लाज वाटेल, असे सांगून ती सरळ नकार देते. लहानपणापासून शेजारी राहणारी मुलगी आहे, आणि तिला आपल्यासोबत दिसायचे नाही! शिवाय एखाद्या मुलीकडे फार काळ दुर्लक्ष केले तर तिच्या नावापुढे बॉम्बचे चिन्ह येते आणि तो फुटला की इतर मुलींच्या मनातूनही आपण उतरतो. यंत्रणा म्हणून हे ओबडधोबड आहे, पण त्यामागची समजूत पक्की आहे: समोरच्या व्यक्तीला स्वतःचे मन आहे, ती दुखावू शकते, नाही म्हणू शकते, आणि तिचे 'हो' मिळवावे लागते. डेटिंग सिम तासाभराचा असो की तीस तासांचा, विनोदी असो की गंभीर, एवढी एक गोष्ट त्यात नसेल तर खेळाडूच्या हाती केवळ पुढचे वाक्य आणणारे बटण उरते.

कर्नलच्या खेळात नेमके हेच झाले आहे. आपण काय उत्तर दिले यावर प्रसंग इकडेतिकडे होतात, चुकीच्या उत्तरावर खेळ अकाली संपतोही. परंतु आपल्या कोणत्याही उत्तराने कर्नल कोण आहे याविषयी आपल्याला काही नवे कळत नाही. तो पहिल्या भेटीत जितका देखणा, सभ्य आणि कोंबडीविषयी उत्साही असतो तितकाच अखेरीसही असतो. त्याला कशाची भीती आहे, कोणती गोष्ट त्याला जमत नाही, कोणाचे बोलणे त्याला लागते, यातले काहीही खेळ आपल्याला दाखवत नाही. ॲशली आणि व्हॅन व्हॅन यांना निदान जिंकायचे आहे, त्यांना मत्सर आहे, त्यामुळे ती दोघे कर्नलपेक्षा अधिक जिवंत वाटतात. ज्याच्यावर प्रेम करायचे तोच सर्वांत निर्जीव, आणि खेळाडूंच्या निराशेचे मूळ मला इथे दिसते. 'खेळ लवकर संपला' असे ते लिहितात, कारण ते सांगायला सोपे आहे. पण संपण्यापूर्वी कोणाशी ओळख झाली असती, तर तोच तास त्यांना पुरला असता.

हे लेखकांच्या अंगी कौशल्य नव्हते म्हणून झाले, असे मला वाटत नाही. कर्नल हे पात्र व्यापारचिन्ह आहे. ज्याचा चेहरा केएफसीच्या कोंबडीच्या बादलीवर छापायचा आहे तो हट्टी, चिडका, हरलेला किंवा केविलवाणा दाखवणे कोणत्याही कंपनीला परवडत नाही. आणि याची खंत वाटते ती अशासाठी, की खरे हार्लंड सँडर्स असे गुळगुळीत मुळीच नव्हते. 'कर्नल' ही त्यांची लष्करातली हुद्द्याची पदवी नव्हे. 1935 साली केंटकी राज्याच्या गव्हर्नरांनी दिलेला तो मान होता. कॉर्बिन या गावातले त्यांचे चालते हॉटेल नवा महामार्ग गावाबाहेरून जाणार म्हणून बसले, तेव्हा ते पासष्टीला आले होते. त्या वयात त्यांनी प्रेशर कुकर आणि मसाला गाडीत घातला आणि हॉटेलामागून हॉटेल पालथे घालत आपली कोंबडी विकण्याचे हक्क देऊ केले. 1964 साली त्यांनी कंपनी 20 लाख डॉलरना विकली, तिचा चेहरा म्हणून काम करणे चालू ठेवले, आणि त्याच कंपनीच्या खाद्यपदार्थांवर चारचौघांत तोंडसुख घेतले. सत्तरच्या दशकात त्यांनी ग्रेव्हीची तुलना वॉलपेपर चिकटवण्याच्या खळीशी केली, त्यावरून केंटकीतल्या एका फ्रँचायझीने त्यांच्यावर बदनामीचा दावा गुदरला आणि तो दावा टिकला नाही. आपले नाव, आपला चेहरा दुसऱ्याच्या मालकीचा झालेला आहे आणि त्या नावाने विकला जाणारा पदार्थ घशाखाली उतरत नाही, असा हा माणूस! त्याच्या तरुणपणीच्या अवतारात या हट्टाचा, या संतापाचा एक कण जरी उतरला असता, तरी तीन दिवसांच्या त्या सत्रात खेळाडूला त्याच्याशी भांडता आले असते, त्याची समजूत घालता आली असती, आणि त्याच्यावर प्रेम करण्याला काही कारण मिळाले असते. तो विनोदीही अधिक झाला असता.

फुकटेपणाविषयी आपला मुद्दा मी थोडक्यात आटोपते. जाहिरात फुकटच असते. तिच्या मोबदल्यात ज्याने ती बनवली त्याला आपले लक्ष आणि आपली चर्चा मिळते, आणि या खेळाला ती भरपूर मिळाली. खेळाडूने आपला वाटा दिलेला आहे. त्याने मत मांडू नये असे म्हणण्याला आधार उरत नाही.

विनोदाविषयी मात्र थोडे थांबून लिहावेसे वाटते, कारण 'हे विनोदी आहे, त्यात भावना कशाला शोधता' हे आपले वाक्य मला सर्वांत जास्त खटकले. आपल्या रंगभूमीवरचा फार्स आठवून पाहा. दाराआड लपलेल्या नटाची तारांबळ आपल्याला हसवते, कारण त्या पात्राला पकडले जाण्याची खरीखुरी धास्ती असते. नट स्वतःच 'हे सगळे खोटे आहे' असे डोळे मिचकावून सांगू लागला की नाट्यगृहातले हसू विरते. विनोदी डेटिंग सिमलाही हेच लागू पडते. प्रसंग कितीही वेडगळ असो, त्या वेडगळ जगातल्या माणसांना, कुत्र्यांना किंवा पक्ष्यांना आपले दुःख आणि आपली इच्छा खरी वाटली पाहिजे.

आणि पक्ष्यांवरून 'हातोफुल बॉयफ्रेंड'कडे येते. हातो मोआ या जपानी लेखिकेने 2011 च्या एप्रिल फूलच्या दिवसासाठी एक छोटासा खेळ केला, त्यातून हा गेम वाढला. म्हणजे याचाही जन्म निव्वळ थट्टेतूनच झाला. 2014 साली मीडियाटॉनिकने नव्याने बांधलेली त्याची आवृत्ती स्टीमवर आली आणि तीच बहुधा आपण खेळला असाल. हियोको ही मानवी मुलगी पक्ष्यांच्या शाळेत शिकते, आणि तिचे प्रेम ज्यांच्यावर जडू शकते ते सगळे पक्षी आहेत, त्यांची छायाचित्रेही खऱ्या पक्ष्यांची आहेत. खानदानाचा ताठा मिरवणारे लक्का कबूतर, वर्गातच डुलक्या घेणारे गणिताचे शिक्षक म्हणजे एक लावा, आणि शाळेचा डॉक्टर म्हणजे चकोर, ज्याच्या दवाखान्यात पाऊल टाकताना खेळाडू लवकरच कचरू लागतो. नागेकी नावाचा एक होला मात्र फक्त ग्रंथालयात भेटतो. तो मोजके बोलतो, पुस्तकाविषयी बोलतो, आणि ग्रंथालयाबाहेर त्याची गाठ पडत नाही. सुरुवातीला हे केवळ एका अबोल मुलाचे ठरावीक चित्रण वाटते; त्याच्या वाटेने, म्हणजे त्याला निवडल्यावर उलगडणाऱ्या कथेने, शेवटपर्यंत गेल्यावर तो तिथेच का असतो याचे कारण कळते आणि आधीचा प्रत्येक संवाद वेगळा वाचावा लागतो. ते कारण मी इथे फोडत नाही, कारण आपण अद्याप तिथवर पोहोचलेले दिसत नाही.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की या खेळातली एकेक वाटही फार वेळ घेत नाही. लांबीचा निकष लावायचा तर एक वाट आणि कर्नलचा संपूर्ण खेळ यांत फार अंतर नाही. फरक आहे तो असा की, हातो मोआ यांना आपल्या कबुतरांना लाज, वैर, अपराधाची टोचणी आणि मृत्यू द्यायला कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही.

निराशेचाही एक दुसरा प्रकार असतो आणि तो या खेळांना शोभून दिसतो. जुलै 2017 मध्ये आलेल्या 'ड्रीम डॅडी' या विनोदी खेळात एका विधुर बापाने शेजारपाजारच्या सात बापांपैकी कोणाशी तरी सूत जुळवायचे असते. त्यांतल्या जोसेफची वाट धरली, तर त्याचे लग्न झालेले आहे हे ठाऊक असूनही खेळाडू त्याच्यात गुंततो, आणि शेवटी जोसेफ बायकोकडे परत जातो. पुष्कळ खेळाडू यावर नाराज झाले. त्यांना जोसेफ हवा होता आणि तो मिळाला नाही, याचे ते दुःख होते, आणि असे दुःख देता येणे हे त्या लेखकांचे यश आहे. कर्नलच्या खेळाडूंच्या वाट्याला ही निराशाही आली नाही. जो मिळाला तो कोण होता हेच त्यांना कळले नाही, आणि मी त्यांची बाजू घेतली ती म्हणून.

राहता राहिला आपला अखेरचा प्रश्न: 'हातोफुल' मी पुरा खेळलो, तरी त्यात काय आहे ते मला दिसले नाही, असे आपण लिहिले आहे. पहिला शेवट म्हणजे हा खेळ पुरा होणे नव्हे. त्याची रचनाच अशी आहे की, आवश्यक तितक्या पात्रांचे शेवट पाहून झाल्यावर पुन्हा नवा खेळ सुरू केला, म्हणजे एका जुन्या वचनाची आठवण येते आणि तेव्हा कुठे दुसरी, कितीतरी मोठी वाट उघडते. ती प्रेमकथा नाही. शाळेत एक खून होतो, आणि तोवर ज्यांच्यावर आपण हसत होतो ते सगळे त्यात गुंतलेले निघतात. तेव्हा आपण आधी नागेकीची, मग शिक्षकांची आणि त्यानंतर डॉक्टरची वाट पूर्ण करावी. लक्का कबुतराची वाटही वगळू नये, कारण पुढे त्याच्या घराण्याचा संबंध येतो. आधीचे संवाद पटापट पुढे नेण्याची सोय खेळात आहे, त्यामुळे तेच तेच वाचावे लागणार नाही. एवढे करूनही आपले मत बदलले नाही, तर ते सविस्तर लिहून कळवावे. ते मी जसेच्या तसे याच पानावर ठेवीन आणि त्याला उत्तरही देईन.

कळावे, लोभ असावा.