शॉर्ट फिल्मला तिकीट का नको?

बंड्याच्या शॉर्ट फिल्मच्या पोस्टरवर आता अकरा लॉरेल झाली. लॉरेल म्हणजे फेस्टिवलात निवड झाली की पोस्टरवर छापायची ती पानांची नक्षी. रविवारी जेवणं आटोपून ठाकुरद्वारच्या कोपऱ्यावर जमलो, तेव्हा चहा यायच्या आधीच त्याने मोबाइल सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवला. अकरावं लॉरेल कुठल्याशा ऑनलाइन फेस्टिवलचं. दर महिन्याला बक्षिसं वाटणारे असतात ना, त्यातलं.

"फी किती घेतली?" मृणालने विचारलं.

"पस्तीस डॉलर. अर्ली बर्ड होतं म्हणून."

"म्हणजे आपले तीन हजार. आणि मला कन्व्हेयन्स किती दिला होतास?"

"अगं, ती आपल्या सगळ्यांची फिल्म आहे."

"सगळ्यांची आहे तर फेस्टिवलवाल्यांना का दिलेस पैसे? त्यांनाही सांगायचं होतंस, आपलीच आहे, फुकट बघा."

बंड्याने टोपी सारखी केली. पहिलं लॉरेल आल्यापासून हा रात्रीसुद्धा टोपी घालतो, आणि कुठलीही गोष्ट सांगताना दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून त्यातून समोरच्याकडे बघतो. "माझा प्रेक्षक इथला नाहीच," तो म्हणाला. "इथल्या लोकांना सायलेन्स कळत नाही."

हे मृणालसमोर बोलायला नको होतं. त्या फिल्मचा सगळा आवाज तिनेच धरलाय. दिवसभर मालिकेच्या सेटवर बूम, म्हणजे लांब दांड्याचा माइक, धरून खांदे भरून येतात, तरी सुट्टीच्या दिवशी ती मित्रांच्या फिल्मवर येते.

"सायलेन्स?" ती म्हणाली. "तुझा तो शेवटचा शॉट, बाई खिडकीत उभी आहे तो. त्याचा रूम टोन, म्हणजे खोलीची नुसती शांतता, रेकॉर्ड करायला मी आख्खा मजला फिरले. दहा दारं ठोठावून सांगितलं, काकू दोन मिनिटं पंखा बंद करा, कुकर उतरवा. टोकाच्या खोलीतल्या आजोबांनी बातम्या बंद केल्या, बाळंतिणीच्या खोलीत बाळाला पदराखाली घेतलं. उकाड्यात सगळा मजला दोन मिनिटं घामाने निथळत बसला तुझ्या सायलेन्ससाठी. आणि इथल्या लोकांना कळत नाही म्हणतोस? त्यांनीच दिलाय तो तुला. त्यांच्यातल्या एकाला तरी फिल्म दाखवलीस?"

दाखवली नव्हती. फेस्टिवलच्या प्रीमियरचा नियम आडवा येतो म्हणाला. काही फेस्टिवलांना आधी कुठे न दाखवलेली फिल्म लागते हे खरं आहे, पण चाळीच्या गच्चीवर पांढरी चादर बांधून शेजाऱ्यांना दाखवली असती तर कोण विचारायला येणार होतं?

इथे नितीन मध्ये पडला. नितीन बँकेत आहे, आणि हिशेबाचं बोलणं निघालं की त्याला राहवत नाही. त्याचं म्हणणं, शॉर्ट फिल्म हे व्हिजिटिंग कार्ड. ते दाखवायचं, मोठी फिल्म मिळवायची. कार्डाचे कोणी पैसे मागत नाही आणि देतही नाही. वर फाळक्यांचा दाखला. त्यांनीसुद्धा आधी रोप उगवतानाची 'अंकुराची वाढ' ही छोटी फिल्म केली, ती दाखवून भांडवल उभं केलं, मग 'राजा हरिश्चंद्र'. "शिडी आहे ती. वर गेलं की काम संपलं."

"नागराज मंजुळेंना 'पिस्तुल्या'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग 'फँड्री', मग २०१६ ला 'सैराट'," मृणाल म्हणाली.

"तेच तर म्हणतोय मी!"

"थांब. 'सैराट'ने शंभर कोटींच्या वर धंदा केला. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी काय केलं? 'पावसाचा निबंध'. शॉर्ट फिल्म. तिला परत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार. शिडीच होती, तर एवढ्या वर पोचलेला माणूस खाली कशाला उतरला रे?"

नितीनला उत्तर सुचेना. त्याने चहावाल्याला अजून चार कटिंग सांगितले. मला विचाराल तर वाद तिथेच मिटला होता. काही गोष्टी वीस मिनिटांतच मावतात. तिथे अडीच तास लावले तर त्या विरघळतात. पावसात भिजत निबंध लिहू पाहणाऱ्या मुलाची फिल्म ताणून इंटरव्हलपर्यंत नेली असती तर तिच्यातला पाऊसच आटला असता.

पण अण्णा अजून बोलले नव्हते. अण्णा म्हणजे फिल्म सोसायटीतला जुना माणूस. सत्तरी ओलांडली, पण कुठेही फुकट पास मिळाला तर सर्वांत आधी रांगेत. फाळक्यांचं नाव निघाल्यावर ते गप्प बसणं शक्य नव्हतं.

"फाळक्यांच्याही मागे जा," ते म्हणाले. "७ जुलै १८९६. काळा घोड्याचं वॉटसन हॉटेल. फ्रान्सच्या लुमिएर बंधूंच्या माणसाने सहा फिल्म दाखवल्या, एकेक मिनिटभराची. तिकीट एक रुपया. तेव्हाचा रुपया! मुंबईने सिनेमा पहिल्यांदा बघितला तो शॉर्ट फिल्म म्हणूनच बघितला, आणि पैसे मोजून बघितला. आपल्याकडे अगदी सुरुवातीला कॅमेरा हातात घेणाऱ्या सावेदादांनी १८९९ ला हँगिंग गार्डनला कुस्ती शूट केली, तीही काही मिनिटांचीच. ३ मे १९१३ ला आपल्या कॉरोनेशन थेटरात 'हरिश्चंद्र' लागला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. थोरला कोण आणि धाकटा कोण ते आता तुम्ही ठरवा."

गिरगावात वाढल्यामुळे कॉरोनेशनचं नाव निघालं की आमची छाती दोन इंच फुगते. मृणालचे तर डोळेच चमकले.

"आणि आमच्या वेळी," अण्णा सुटले, "मेन पिक्चरच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची, म्हणजे सरकारी माहितीपटाची, रीळ लागायची. थेटरवाल्यांना सक्तीची. वर त्याचे पैसेही त्यांनाच भरावे लागायचे."

"आणि तुम्ही तेवढ्या वेळात बाहेर शेंगदाणे खात उभे," नितीन म्हणाला.

"नाही रे. मी आत. बाकीचे बाहेर."

"सक्ती केली म्हणून बाहेर," मृणाल म्हणाली. "आपण सक्ती कुठे करतोय? तिकीट लावू. ज्याला बघायचंय तो येईल."

नितीनला परत जोर चढला. तिकीट लावून जाहीर खेळ करायचा तर सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं. फेस्टिवलांना मंत्रालयाकडून सूट मिळते, ती आपल्या कोपऱ्याला मिळणार नाही. हॉलचं भाडं वेगळं. मुद्दा खोटा नव्हता. मृणालने सरळ सांगितलं, मग काढायचं सर्टिफिकेट. दोन मिनिटांच्या ट्रेलरला थेटरात लावायला काढतात, मग वीस मिनिटांच्या फिल्मला काढायला काय होतं? चार-पाच जणांच्या फिल्म एकत्र करून दीड तासाचा खेळ लावायचा, भाडं वाटून घ्यायचं.

"कोण येणार बघायला?" बंड्या म्हणाला. "बाहेर बघा काय चाललंय. कान्सला २०२४ ला विद्यार्थ्यांच्या विभागात पहिलं बक्षीस कोणाला? चिदानंद नाईक. डॉक्टर माणूस, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये वर्षभराचा टीव्हीचा कोर्स केला, आणि सोळा मिनिटांची फिल्म. सोळा!"

"कशी आहे?"

"कोण?"

"ती सोळा मिनिटांची फिल्म. कशी आहे?"

बंड्याने बोटांची चौकट केली, मग सोडून दिली. "ट्रेलर बघितलाय."

खरा आजार हाच आहे. शॉर्ट फिल्म करणारे गल्लोगल्ली झालेत, पण एक जण दुसऱ्याची बघत नाही. लिंक आली की 'कमाल!' लिहून अंगठा पाठवायचा आणि पुढे जायचं. मी पेडर रोडला मिफमध्ये, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिवलात, पायऱ्यांवर बसून शॉर्ट फिल्म बघितल्या आहेत. अनोळखी माणसं शेजारी बसून एकाच जागी हसतात, एकाच जागी श्वास धरतात, ते लिंकवर होत नाही. आणि खिशातून पैसे काढून आलेला माणूस चौथ्या मिनिटाला उठून जात नाही, निदान विचार करतो. तिकिटाचं महत्त्व मला त्यासाठी वाटतं. त्यातून साउंडवालीचे, कॅमेरावाल्याचे, नटाचे पैसे निघाले तर पुढची फिल्म कोणाच्या उपकारावर उभी राहणार नाही.

"उपकारावरून आठवलं," नितीन म्हणाला, "माझ्या काकूचं पितळी पिंप कुठे आहे?"

झालं. बंड्याच्या पहिल्या फिल्मचं शूटिंग नितीनच्या काकांच्या खोलीत झालं होतं आणि फ्रेममध्ये छान दिसतं म्हणून ते पिंप पुढच्या लोकेशनलाही गेलं. ते परत आलं नाही.

"ते कंटिन्युइटीसाठी ठेवलंय," बंड्या म्हणाला.

"फिल्म संपून वर्षं झाली!"

"सीक्वल आला तर?"

"काकू दर गणपतीला विचारते. तिला काय सांगू, तुझं पिंप फेस्टिवलला गेलंय?"

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मृणालने त्यांची पाठ थोपटली आणि बंड्याकडे वळली. "फिल्म आहे का मोबाइलमध्ये?"

"आहे."

"मग आत्ता दाखव. इथेच. तिकीट पन्नास रुपये."

अण्णांनी विचारलं, सीनियर सिटिझनला सवलत आहे का. मृणाल म्हणाली, वॉटसनला नव्हती. अण्णांनी निमूट पन्नासची नोट काढली. मी दिली. नितीन म्हणाला, पिंपाच्या भाड्यातून वळते करा. ते नामंजूर झालं, शेवटी त्यानेही दिले. चहावाल्याने विचारलं काय चाललंय, आणि टपरीवरचा रेडिओ बंद करून तोही पन्नास घेऊन आला.

बंड्याने हात पुढे केला.

"पैसे इकडे," मृणाल म्हणाली. "माझी बाकी आहे तुझ्याकडे."

"आणि मला?"

"तुझे शंभर. दिग्दर्शक बघायला बसला की फार मध्ये मध्ये बोलतो."