मामांची सभा आणि माझे मत

भागधारकांची वार्षिक सर्वसाधारण सभा ऑनलाइन घेणे ही कंपन्यांची पळवाट आहे, ती बंद करून सभा पुन्हा सभागृहातच भरवायला लावली पाहिजे, असे पुण्यातले माझे मामा हल्ली आग्रहाने सांगतात आणि वर ‘तुम्हा परदेशातल्यांचे काय, घरबसल्या तमाशा पाहायला मिळतो’ अशी पुस्तीही जोडतात. मला राग येतो तो या पुस्तीचा.

2013 च्या कंपनी कायद्याचे कलम 96 सांगते की नोंदणीकृत कार्यालय ज्या शहरात किंवा गावात असेल तिथेच, सकाळी 9 ते संध्याकाळी 6 या वेळेत ही सभा भरावी. म्हणजे पुण्यातल्या कंपनीच्या नागपूरकर भागधारकानेही रजा टाकून गाडी पकडायची. वडिलांबरोबर मी अशा सभांना गेले आहे. खाऊच्या खोक्यांसाठी रांग लागे आणि माइकपाशी गेलेले बहुतेक जण अध्यक्षांची स्तुती करून परतत. (एखादे निवृत्त बँक अधिकारी ताळेबंदाचे पान उघडून उभे राहिले की व्यासपीठावर कुजबुज सुरू होई, हेही खरे.)

दुखणे पडद्याचे नाही, कायद्याचे आहे. 2020 मध्ये भारताच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने परिपत्रक काढून ऑनलाइन सभेला मुभा दिली आणि पुढे वर्षानुवर्षे नुसती मुदत वाढवली. इकडे, मी राहते त्या जर्मनीने जुलै 2022 मध्ये थेट शेअर कायद्यातच कलम 118अ घातले: कंपनीच्या नियमावलीत तशी तरतूद हवी, ती जास्तीत जास्त 5 वर्षांची, आणि भागधारकाला चालू सभेत व्हिडिओवरून बोलण्याचा हक्क. माझे शेअर असलेल्या पुण्याच्या कंपनीत सभेत वक्ता म्हणून आधी ईमेलने नाव नोंदवावे लागते, आणि गेल्या वर्षी माझा प्रश्न ‘वेळेअभावी लेखी उत्तर देऊ’ या वाक्यात बुडाला. इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, छोट्या भागधारकांच्या संघटनाही ऑनलाइन सभांवर नाराज असतात, पण ते मामांना सांगायचे मी टाळते.

एवढे भांडण्याचे कारण अगदी व्यवहारातले आहे, असे मात्र म्हणवत नाही. जर्मन नागरिकत्व घेतल्यावर भारतातले मतदान संपले. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना भारत सरकार देते ते) येता-जाता येते, मत देता येत नाही. वडिलांकडून आलेल्या त्या थोड्याशा शेअरांपुरतेच आता भारतात माझे मत मोजले जाते. म्हणून दुपारी 2 ची सभा इथे उन्हाळ्यात साडेदहाला सुरू होते तेव्हा मी ऑफिसातून सुटी घेऊन बसते, आणि लेखापरीक्षकांच्या नेमणुकीसारख्या ठरावावरही अहवाल वाचूनच मत नोंदवते. सभागृह मामांना जरूर मिळावे. माझी ऑनलाइन सभेची लिंक तेवढी कोणाच्या परिपत्रकाच्या मेहेरबानीवर नको.