मोठ्या आईची पन्नी: डॉक्टरसाहेबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टरसाहेब,

दवाखाना आणि निराधार योजनांचं काम एकमेकांना जोडावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "28 वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली. आधी डॉक्टरांच्या रिकाम्या जागा भरा. जोडाजोडी म्हणजे आणखी एक समिती, आणखी एक रजिस्टर, आणि ते भरायला पुन्हा आशाच." रिकाम्या जागांवरून माझा तुमच्याशी वाद नाही. पण जागा भरल्या की हे दुखणं संपेल, हे पटत नाही. आमच्या घरी डॉक्टर मिळाला होता.

मोठ्या बाबांना लकवा मारला तेव्हा त्यांची साठी नुकतीच उलटली होती, वावरात कपाशीची डवरणी सुरू होती. जिल्ह्याच्या दवाखान्यात वेळेत पोचलो, डॉक्टरांनी मनापासून केलं, जीव वाचला. बाराव्या दिवशी सुट्टी झाली. कार्डावर गोळ्या होत्या, पुन्हा दाखवायची तारीख होती. उजवी बाजू गेलेल्या माणसाला घरी कुशीवर कोण वळवणार, आणि निंदणाला जाणारी मोठी आई त्यांच्यापाशी बसली तर घर कशावर चालणार, हे विचारणं कोणाच्याच कामात बसत नव्हतं.

मग मोठ्या आईनं एक पन्नी केली. आधार, राशन कार्ड, सुट्टीचं कार्ड, सातबारा, फोटो. पन्नी खुंटीला टांगलेली असायची आणि बाहेर निघताना तिच्या काखेत. निराधार योजनेला अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. लकव्यात ते लगेच देत नाहीत, काही महिने सुधारणा बघतात, हे तुम्ही सांगायच्या आधी मीच लिहितो. पण ती तारीख सुट्टीच्या दिवशीच हातात देता आली असती. आम्हाला ती शेजारच्या गावातल्या एका माणसाकडून कळली. नंतर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठी, मग तहसील, मग बँक. बँकेत उजवा अंगठा उठेना आणि डावा जन्मभर रुमण्यावर झिजलेला. महिन्याचे 1500 रुपये सुरू व्हायला चौदा महिने गेले.

माझं म्हणणं पुढच्या गोष्टीत आहे. मोठी आई तहसीलला जायची त्या दिवशी पहिली एसटी सकाळी आणि परतीची संध्याकाळी. तेवढा वेळ बाबा एकाच कुशीवर. शेजारची पोरगी पाणी पाजून जायची, पण गड्यामाणसाला वळवणं तिच्यानं होणार नव्हतं. पाचव्या की सहाव्या खेपेनंतर कमरेखाली जखम झाली. पट्ट्या, अँटिबायोटिक, पुन्हा भरती. ती जखम कागदांनी केली, डॉक्टरसाहेब. तिचा इलाज मात्र तुमच्या खात्यानं केला, तुमच्याच खाटेवर.

आशाताईंवरच्या बोज्याचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. 2024 च्या सुरुवातीला मानधनवाढीचा शासन निर्णय निघावा म्हणून त्या आझाद मैदानावर बसल्या होत्या, आमच्या गावच्या ताईही गेल्या होत्या. त्यांच्यावर नवं काम टाकावं असं मी म्हणत नाही. त्यांनी केलेलं काम वाया जाऊ नये एवढंच म्हणतो. तिशीवरच्या माणसांचा जो तपासणी फॉर्म त्या घरोघरी भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. जेवायला, कपडे घालायला, अंघोळीला, शौचाला दुसऱ्याची मदत लागते का? आमच्या घरी 'हो' लिहिलं गेलं. ते 'हो' आरोग्य खात्यात राहिलं. निराधारची यादी तहसीलला, दिव्यांगांसाठीचा पाच टक्के निधी ग्रामपंचायतीत, आणि त्या 'हो'चा यांपैकी कोणालाच पत्ता नाही. गावात ग्राम आरोग्य व पोषण दिन दर महिन्याला होतोच. त्या दिवशी तलाठी आणि ग्रामसेवक तासभर अंगणवाडीत बसले आणि ज्यांच्यापुढे 'हो' आहे त्यांचे अर्ज तिथेच घेतले, तर नवी समिती कशाला लागते? नवं रजिस्टरही नको.

केरळनं 2008 साली वेदनाशमन सेवेचं धोरण केलं. तिथे अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी नर्स जाते, त्या कामाला पंचायत पैसा देते आणि आरोग्य केंद्र तिच्या पाठीशी असतं. केरळची ऐपत वेगळी, पंचायतींची ताकद वेगळी, हे मान्य. पण खाटेवरचा माणूस दोन्हीकडे तसाच असतो.

तुमच्या प्रतिक्रियेतली एक गोष्ट मी लेखात सोडली होती, ती कबूल करतो. ग्रामसेवकाकडे दोन-दोन, तीन-तीन गावं असतात, तो त्या तासाला येईलच याची हमी कोणी द्यायची? मला याचं उत्तर सापडलेलं नाही. तुम्ही 28 वर्षं या लोकांसोबत एका टेबलावर बसलात. ते न चुकता येतील असं तुमच्या केंद्रात कधी जमलं होतं का, आणि जमलं असेल तर कशामुळे, तेवढं सविस्तर लिहा. मोठी आई माझ्या शेजारीच बसली आहे, तिला वाचून दाखवीन.