नवनिर्वाचित संचालकांसाठी चार हिताच्या गोष्टी

पुण्यातील नागरी सहकारी बँकेच्या संचालकपदी निवडून आल्याबद्दल आपले मनःपूर्वक अभिनंदन. पहिली सूचना अशी, की कर्जाचे महत्त्वाचे प्रस्ताव विषयपत्रिकेवर कधीही छापू नयेत. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम झाले, चहा-बिस्किटे झाली आणि सदस्य घड्याळाकडे पाहू लागले, की ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात आपला प्रस्ताव हळूच सरकवावा. संचालकांना व त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यास रिझर्व्ह बँकेने २००३ पासून मनाई केली असल्याने कर्ज घेणारी कंपनी मेहुण्यांच्या नव्हे, मेहुण्यांच्या वाहनचालकाच्या नावे असावी. तारणाची चिंता नको. मुळशीकडचे खडकाळ माळरान मूल्यांकन अहवालात ‘निसर्गरम्य भूखंड’ होते आणि त्याची किंमत कर्जाच्या रकमेला शोभेल इतकी चढते. मूल्यांकनकार आपल्याच पॅनेलवरचे असल्याने एवढा समंजसपणा ते दाखवतातच. हप्ते थकले, तर चालकाच्या पत्नीच्या नावे दुसरी फर्म काढून नवे कर्ज द्यावे आणि त्यातून जुने फेडून घ्यावे. खाते नियमित राहते, लेखापरीक्षणात ‘अ’ वर्ग मिळतो, आणि वार्षिक सभेत लाभांशासोबत स्टीलचा डबा वाटला, की शंकेखोर सभासदाला खाली बसवण्याचे काम बाकीचे सभासदच करतात.

भोसरीचा एखादा लघुउद्योजक तीन वर्षांचे ताळेबंद घेऊन यंत्रासाठी कर्ज मागायला येईल. त्याला ‘जामीनदार अपुरे’ असा शेरा मारून परत पाठवावे. तो खासगी सावकाराकडे जाईल किंवा यंत्र घेणारच नाही. दोन्ही परिस्थितींत आपले काही बिघडत नाही.

नियंत्रकांनाही फार भिऊ नये. संस्थेचा कारभार सहकार निबंधकांनी पाहायचा आणि बँकव्यवहार रिझर्व्ह बँकेने, या वाटणीमधल्या फटीत पुष्कळ मंडळी सुखाने नांदली. २०२० च्या कायदादुरुस्तीने ती बरीच बुजवली, हे मात्र वाईट झाले.

ठेवीदारांचे काय, असा प्रश्न आपल्याला पडणार नाही; तरीही सांगतो. १९१२ साली स्थापन झालेल्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला तो ऑगस्ट २०२२ मध्ये. ठेव विम्याची १ लाखाची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लाख झाली, पण त्यावरची रक्कम दैवाधीनच. हे पाहिलेला पेन्शनर पुढची बचत लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफाकडून घेतलेल्या सोन्याच्या वळ्यांच्या रूपाने कपाटात ठेवतो. अर्थतज्ज्ञ त्यावर हळहळतात, कारण कपाटातल्या सोन्यातून भोसरीचे यंत्र येत नाही, आणि जिथे करार पाळला जाण्याची खात्री नाही तिथे प्रामाणिक कर्जदारालाही व्याज चढे पडते. आपण हळहळू नये. पात्रतेने नसले तरी ओळखीने कर्ज मिळणे ही आपल्याकडची जुनी सोय आहे.

अगदीच गाजावाजा झाला, तर सहकार कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशी होईल, मग कलम ८८ खाली जबाबदारी निश्चित होईल, त्याविरुद्ध आपण अपील कराल, अपिलावर स्थगिती मिळेल आणि पुढची तारीख पडेल. तेवढ्या अवधीत एखादी पतसंस्था सहज काढून होते. तिची नोंदणी मात्र सुनेच्या नावे करावी.