४६ सेकंद आणि कीर्तनाचा टोमणा

कॉलेजच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद पेटलाय: हार्डकोर पंकमधलं, म्हणजे त्या अतिवेगवान, चिडक्या रॉकमधलं, सगळ्यात भारी गाणं कोणतं आणि सगळ्यात प्रभावी कोणतं. ब्लॅक फ्लॅगचं 'राइज अबव्ह' पहिलं, असं पुण्यात बसून ठरलंसुद्धा. मी इथे वॉशिंग्टनहून इथल्याच मायनर थ्रेट बँडच्या 'स्ट्रेट एज'चं, दारू-नशेला नाही म्हणणाऱ्या ४६ सेकंदांच्या गाण्याचं नाव घेतलं, तर उत्तर आलं, "४६ सेकंदांत आपल्याकडे तंबोरा लागत नाही." आणि पाठोपाठ, "दारू पिऊ नका सांगणारं पंक म्हणजे कीर्तन."

दुसरं वाक्य डोक्यातून जात नाही.

भारी कोणतं यावर मला भांडायचं नाही. माझ्यापुरतं ते बॅड ब्रेन्सचं 'पे टू कम', १९८०चं, जेमतेम दीड मिनिटाचं. ग्रुपवर एकाने हार्डकोर हे 'गोऱ्या पोरांचं संगीत' असल्याचं लिहिलं. बॅड ब्रेन्सचे चौघे वॉशिंग्टनचे कृष्णवर्णीय वादक होते, आधी जॅझ फ्यूजन वाजवणारे. म्हणून तर त्या वेगातही एक ठोका इकडचा तिकडे होत नाही. मायनर थ्रेटचा गायक इयन मॅकाय याच्यासारखी इथली गोरी पोरं त्यांना बघून शिकली. याला गोंगाट म्हणणाऱ्याने ड्रम्स नीट ऐकलेले नाहीत.

पण प्रभाव वेगळ्या मापाने मोजायचा. गाणं ऐकून लोकांनी काय केलं? 'स्ट्रेट एज' १९८१चं, तेव्हा मॅकाय १९ वर्षांचा. चळवळ काढायचा त्याचा इरादाच नव्हता, तरी पुढे जगभरच्या पोरांनी त्या दोन शब्दांवर आयुष्य आखलं. हातावरची फुली ही या न पिणाऱ्या पोरांची खूण, तिची गोष्ट गाण्याच्याही आधीची. मॅकायचा आधीचा बँड टीन आयडल्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला होता. या अल्पवयीन पोरांना दारू देऊ नये म्हणून तिथल्या क्लबने त्यांच्या हातांवर काळी फुली मारली. तीच युक्ती त्यांनी वॉशिंग्टनच्या क्लबांना सुचवली: फुली मारा, पण आम्हाला आत येऊ द्या. आपल्याकडे महाराष्ट्रात कडक दारूला २५ वर्षांची अट आणि गिग बहुतेक पबमध्येच. मग सोळा वर्षांच्या पोराने गिटार ऐकायची कुठे? इथे चर्चच्या तळघरात, उन्हाळ्यात फोर्ट रीनो बागेच्या हिरवळीवर फुकट. ग्रुपवर हे लिहिलं, तर "तू आता तिकडचाच" एवढंच उत्तर आलं.

तिकडचा? मी इथे आलो २००३ला. मॅकायच्या पुढच्या बँडचा, फुगाझीचा, शेवटचा कार्यक्रम आदल्याच वर्षी झाला होता. त्याच्या डिस्कॉर्ड या रेकॉर्ड कंपनीचं घर आर्लिंग्टनमध्ये, माझ्यापासून दहा मिनिटांवर, आणि पहिली पाच वर्षं मी एकाही शोला गेलो नाही. मायनर थ्रेट मला कळले ते पुण्यात, १९९६ला, टीडीकेच्या साठ मिनिटांच्या कॅसेटवर. ती कॅसेट ज्याने भरून दिली, तोच आज कीर्तन म्हणतोय. पत्त्याचा रुबाब मी त्यालाच दाखवत होतो, हे मला उशिरा कळलं.

आणि कीर्तन ही शिवी का व्हावी? माझे आजोबा माळकरी. घरात दारू नव्हती, मीही कधी घेतली नाही. पुण्यात मित्र मला सोवळा म्हणायचे, इथे हॅपी अवरला हातातला सोडा बघून लोक तब्येतीची चौकशी करतात. न पिण्याचं कारण मला धड कुणालाच सांगता आलं नाही. ते मी पहिल्यांदा ऐकलं त्या ४६ सेकंदांत, एका चिडलेल्या पोराच्या तोंडून. त्यात उपदेश नव्हता, मला असाच राहू द्या एवढंच होतं.

२००९मध्ये एका रविवारी व्ही स्ट्रीटवरच्या ९:३० क्लबला गेलो. रांगेत पुढच्या अल्पवयीन पोरांच्या हातांवर मार्करने फुल्या मारत होते. माझी पाळी आली तेव्हा मी ३४ वर्षांचा होतो, आयडी दाखवला, तरी दोन्ही हात पुढे केले. दारावरच्या मुलाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता दोन ठसठशीत फुल्या मारल्या. आत पिटमध्ये, स्टेजसमोरच्या धक्काबुक्कीत, पडलो, तर दोघांनी दंडाला धरून उभं केलं. त्या गर्दीत माझ्यासारखा दिसणारा दुसरा कुणी नव्हता आणि त्या रात्री ते मला जाणवलंही नाही.

ग्रुपवर हे अजून लिहिलेलं नाही. सोमवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये फुल्या पुसट झाल्या होत्या, पण दिसत होत्या. मी तासभर हात टेबलाखाली ठेवले होते.