बातमीच्या लिंकचे पैसे मागू नका

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.)

‘फेसबुक-गूगलकडून पैसे वसूल करा आणि वर्तमानपत्रांना द्या’ ही मागणी ऐकायला इतकी न्याय्य वाटते, की तिच्याविरुद्ध बोलणारा लगेच कंपन्यांचा वकील ठरतो. तर आधीच सांगतो, या कंपन्यांकडून पैसे वसूल व्हायलाच हवेत. पण बातमीची लिंक दाखवली म्हणून नव्हे. आणि संपादकांनी कंपन्यांच्या दारात बसून ते मिळवावेत, हे तर अजिबात नको.

कॅनडात काय झालं बघा. जून 2023 मध्ये तिथे ‘ऑनलाइन न्यूज ॲक्ट’ मंजूर झाला. मोठ्या प्लॅटफॉर्मवर बातम्या दिसत असतील, तर प्लॅटफॉर्मने माध्यमसंस्थांशी करार करून मोबदला द्यायचा, हा त्याचा गाभा. फेसबुकची मालक कंपनी मेटाने 1 ऑगस्टपासून तिथल्या फेसबुक-इन्स्टाग्रामवरून बातम्याच काढायला सुरुवात केली. लिंकला पैसे पडणार असतील तर लिंकच नको, इतका साधा हिशोब. त्याच महिन्यात वणव्यामुळे येलोनाइफ हे शहर रिकामं करावं लागलं. सुमारे 20 हजार माणसं घरं सोडून निघाली होती आणि वणव्याची बातमी फेसबुकवर शेअर होत नव्हती. लोक स्क्रीनशॉट काढून एकमेकांना पाठवत होते. पंतप्रधान ट्रुडोंनी मेटाला खडे बोल सुनावले, मेटा जागचं हललं नाही. गूगलने मात्र तडजोड केली, वर्षाला 10 कोटी कॅनेडियन डॉलर. म्हणजे एक कंपनी पैसे देते आणि दुसरीकडून पैसेही नाहीत, वाचकही नाहीत.

ऑस्ट्रेलिया या वाटेने आधीच गेला होता. फेब्रुवारी 2021 मध्ये फेसबुकने तिथे काही दिवस बातम्या बंद केल्या. त्या झपाट्यात आरोग्य विभागांची आणि हवामान खात्याची पानंही गेली, तेही साथीच्या काळात. मग सरकारने कायद्यात बदल केले, कंपन्यांनी माध्यमसंस्थांशी खासगी करार केले, आणि जगभर कौतुक झालं की बघा, सरकार खमकं असलं की जमतं. मार्च 2024 मध्ये मेटाने जाहीर केलं की हे करार संपले की नवे करणार नाही. झालं. त्या पैशावर ज्यांनी वार्ताहर नेमले असतील त्यांनी आता काय करायचं? स्पेनने 2014 मध्ये असाच कायदा केला, तर गूगल न्यूजने तिथला मुक्कामच हलवला आणि ते परतलं 2022 मध्ये.

मला यातला सगळ्यात मोठा धोका पैशाचा वाटत नाही. ज्या कंपनीची उलटतपासणी पत्रकारांनी करायची, तिच्याच करारावर त्यांचा पगार अवलंबून राहतो, हा धोका मोठा आहे. करारातले आकडे गुप्त असतात. कुठल्या वर्तमानपत्राला किती मिळाले आणि त्यानंतर त्या कंपनीबद्दल त्यात काय छापून आलं, हे वाचकाने ताडून बघायचं तरी कसं?

मुळात बातमीचा पैसा गेला तो लिंकमधून नाही, जाहिरातीतून गेला. तुम्ही एखादी बातमी उघडता, ते पान तुमच्यासमोर येईपर्यंतच्या क्षणात त्यावरच्या जाहिरातीच्या जागेचा लिलाव होऊन गेलेला असतो. जागा विकायला काढण्याचं सॉफ्टवेअर गूगलचं, लिलाव होतो ते एक्सचेंज गूगलचं आणि जाहिरातदार बोली लावतो ते साधनही बहुतेक वेळा गूगलचंच. शेतकऱ्याचा अडत्या, व्यापाऱ्याचा दलाल आणि लिलाव पुकारणारा असे तिघेही एकच असतील, तर भाव कोणाच्या सोयीने निघेल हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेत न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी निकाल दिला की यातल्या दोन बाजारांत, प्रकाशकांच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि एक्सचेंजमध्ये, गूगलने बेकायदा मक्तेदारी केली. एक्सचेंज प्रत्येक विक्रीतून स्वतःसाठी कापून घेत होतं साधारण 20 टक्के.

सरकारला नियमनच करायचं असेल तर ते इथे करावं. हे तीन धंदे वेगळे करा, लिलावाचा हिशोब प्रकाशकाला दिसू द्या. आणि डिजिटल जाहिरातीच्या उत्पन्नावर सरळ कर लावा, बातमीची लिंक दाखवा अथवा नका दाखवू. मग बातम्या बंद करून कर चुकवता येणार नाही. हे कंटाळवाणं काम आहे, मान्य. मंत्र्याला त्यावर टाळ्या मिळत नाहीत.

 

आता करातून आलेला पैसा पत्रकारितेला द्यायचा कसा? ‘सरकारचा पैसा घेतला की लेखणी गहाण’ असं म्हणून हा विषय लोक झटकून टाकतात. भीती खोटी नाही. हंगेरीत सरकारी जाहिराती कोणाच्या पदरात पडल्या आणि कोणाच्या नाही, हे जगाने पाहिलं. 2018 मध्ये तिथे 400 हून जास्त माध्यमं सरकारधार्जिण्या एकाच संस्थेच्या छत्राखाली गेली. ‘लहानांना वाचवतो’ म्हणून मोठ्यांच्या पानांना कात्री लावण्याचा प्रयोग भारतातही झाला होता. वर्तमानपत्राने कुठल्या किमतीला किती पानं द्यायची हे सरकारने ठरवायचं, असा 1956 चा कायदा होता. ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1961 मध्ये तो कायदा रद्द झाला.

पण अमेरिकेचा 1792 चा टपाल कायदाही आठवा. वर्तमानपत्र 100 मैलांपर्यंत 1 सेंटात, त्यापुढे दीड सेंटात. साध्या पत्राला अंतरानुसार 6 ते 25 सेंट. ही सरकारी मदतच होती, आणि सत्ताधाऱ्यांना शिव्या घालणाऱ्या वर्तमानपत्रालाही तोच दर होता. नॉर्वे 1969 पासून वर्तमानपत्रांना थेट अनुदान देतो, आणि त्यात आपल्या गावात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या वर्तमानपत्रांचा विशेष विचार होतो. एका गावात दोन वर्तमानपत्रं जगावीत म्हणून!

म्हणून माझी अट एकच. पैसा सूत्राने जावा, आणि ते सूत्र कायद्यात लिहिलेलं असावं. कोणाला द्यायचं हे मंत्र्याच्या किंवा सचिवाच्या मर्जीवर नको. समित्यांवरही माझा फारसा विश्वास नाही, कारण समितीवर माणसं नेमतो कोण, हा प्रश्न उरतोच. लिंकच्या कायद्यात फसलेल्या कॅनडानेच 2019 पासून दुसरी एक योजना चालवली आहे, तिच्याकडे कोणी फारसं बघत नाही. पात्र माध्यमसंस्थेला पत्रकारांच्या पगाराचा काही भाग करसवलतीतून परत मिळतो. आधी 25 टक्के होता, 2023 पासून पुढच्या चार वर्षांसाठी 35. माणूस कामावर ठेवलात तर पैसे, नाहीतर नाही. त्याने काय लिहिलं हे बघून रक्कम कमीजास्त होत नाही.

पात्र कोण हे ठरवणं तिथेही सुटलेलं नाही. एक निकष असा की किमान दोन पत्रकार नियमित कामावर हवेत. म्हणजे एकटीच नगरपालिकेच्या सभांना बसून टिपणं काढणारी, स्वतःच्या चॅनेलवर सगळं मांडणारी बाई यात बसत नाही, आणि इकडच्या तिकडच्या बातम्या फिरवून लिहिणारी चार जणांची संस्था बसू शकते. मी तरी दार थोडं सैल ठेवीन. काही पैसा फालतू पानांवर जाईल. जाऊ दे. पण त्या एकट्या बाईच्या कामाला पत्रकारिता म्हणायचं की नाही, हे ठरवणारा सरकारी अर्ज मला नको आहे.