डोंबिवलीत घर बघताय? आधी कागद, मग पाणी, मग बाकी सगळं

डोंबिवलीत एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना चौरस फुटाचा भाव बराच वेगळा निघाला की घेणारा खूश होतो, ‘स्वस्तात मिळतंय’ म्हणतो. बहुतेक वेळा तो स्वस्तपणा एखाद्या नसलेल्या कागदाचा असतो. कुठला कागद नाही, ते शोधायचं काम तुमचं. एजंट ते करणार नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डोंबिवली परिसरातल्या ६५ बेकायदा इमारती पाडायचा आदेश दिला. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून त्यांची महारेरा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडची, नोंदणी मिळवलेली होती. आत राहणाऱ्या अनेकांकडे नोंदणीकृत करारनामा होता, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा) होता, कर्जही मंजूर झालेलं होतं. त्यामुळे ‘रेरा नंबर आहे’ एवढ्यावर इथे विश्वास ठेवू नका. मालमत्ता कराची पावती, वीज मीटर, नळजोडणी यांनीही इमारत अधिकृत ठरत नाही. पालिका बेकायदा बांधकामालाही कर लावते.

मग करायचं काय? महारेराच्या साइटवर प्रकल्प उघडा. ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या प्रकल्पांचे नंबर पी५१७ ने सुरू होतात. तिथे चढवलेली बांधकाम परवानगी डाउनलोड करा आणि त्यावरचा जावक क्रमांक, तारीख, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि मंजूर मजले कागदावर उतरवून घ्या. सर्व्हे आणि हिस्सा नंबर सातबाऱ्याशी जुळवा. हिस्सा नंबरात एका आकड्याचा फरक म्हणजे वेगळी जमीन, ‘टायपिंगची चूक’ हे उत्तर चालवून घेऊ नका. मग कल्याणला शंकरराव चौकातल्या पालिका मुख्यालयात नगररचना विभागात जाऊन तो जावक क्रमांक त्यांच्या नोंदीत आहे का ते विचारा. तोंडी सांगत नसतील तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. बिल्डर म्हणेल, ‘तोवर फ्लॅट जाईल.’ जाऊ दे.

अस्सल परवानगीतही एक जागा फसवते. परवानगी चार मजल्यांची आणि उभे सात, असं दिसलं तर वरच्या तीन मजल्यांवरच्या फ्लॅटला आधार कसलाच नाही. परवानगी फक्त जोत्यापर्यंतची आहे का, तेही वाचा. इमारत तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मागा. ‘ओसी प्रोसेसमध्ये आहे’ हे वाक्य काही इमारतींत वीस-वीस वर्षं ऐकू येतं.

कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूची गावं, म्हणजे नांदिवली, सागाव, दावडी, गोळवली, पिसवली, निळजे वगैरे, ही सत्तावीस गावांतली. ही गावं १९८३ला पालिकेत आली, २००२ला बाहेर पडली आणि २०१५ला परत आत आली. मधल्या काळात ग्रामपंचायतीच्या कागदावर इमल्यावर इमले चढले. अशा बहुमजली इमारतीला परवानगी द्यायचा अधिकार ग्रामपंचायतीला नव्हता. म्हणून इथे प्रश्न दोन: परवानगी कोणत्या साली आणि कोणी दिली? ‘सरपंचाची सही आहे’ असं उत्तर आलं की नमस्कार करून निघा.

पाण्याचंही तसंच. या गावांत पाणी एमआयडीसीकडून येतं, शहरात पालिकेचं. फ्लॅट बघायला गेलात की नळ उघडून समाधान मानू नका, ते पाणी टाकीतून येतं. वॉचमनला विचारा: पाणी किती वाजता येतं, किती वेळ, आणि मे महिन्यात टँकर किती लागतात. सोसायटीच्या हिशोबात टँकरचा खर्च स्वतंत्र दिसतो, मागच्या वर्षीचा ताळेबंद मागून घ्या.

एमआयडीसीचा निवासी भाग, मिलापनगर, सुदर्शननगर, दिसायला सगळ्यात देखणा. रुंद रस्ते, झाडं. पण कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत. २०१६ आणि २०२४ या दोन्ही वर्षी मे महिन्यात इथे मोठे स्फोट झाले, आणि २०२० साली रसायनांनी रस्ता गुलाबी झाला तोही इथलाच. घर बघायचं तर रात्री अकरानंतर जा, खिडक्या उघडून अर्धा तास बसा, वास तेव्हाच कळतो. शिवाय जमीन भाडेपट्ट्याची, हस्तांतराला एमआयडीसीची परवानगी आणि शुल्क लागतं.

फडके रोड, रामनगर, टिळकनगर, विष्णूनगर या भागांचं मोल एकच: स्टेशन चालत. माझ्या मते नोकरदारासाठी तेच सगळ्यात मोठं मोल आहे. लांबून शेअर रिक्षाने येणाऱ्याला संध्याकाळी इंदिरा चौकात रांगेत उभं राहावं लागतं, त्यात जुलैचा पाऊस. ठाकुर्ली आणि कोपरला फास्ट लोकल थांबत नाही, हे तिथला भाव ऐकताना लक्षात असू द्या. निळज्याला स्टेशन आहे खरं, पण ते दिवा-पनवेल मार्गावर, आणि गाड्या मोजक्या.

या जुन्या भागात धोका वेगळा. इमारत चाळीस वर्षांची, लिफ्ट नाही, आणि विकणारा ‘रिडेव्हलपमेंट होणारच’ म्हणून नव्याचा भाव सांगतो. आधी विचारा, कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का? जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर असेल तर पुनर्विकास रखडतो. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे, तो अहवाल बघितल्याशिवाय बोलणी नको.

पश्चिमेला मोठागाव, देवीचा पाडा, रेतीबंदर हा खाडीकडचा पट्टा खाडीवरच्या माणकोली पुलामुळे चर्चेत आहे. तिथे झोन दाखला काढाच. आरक्षण, हरित पट्टा, सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरची बंधनं) यातलं काय अंगावर बसतंय ते त्यात कळतं. आणि अमावस्या-पौर्णिमेच्या भरतीला जोरदार पाऊस असेल त्या दिवशी त्या गल्लीत एक चक्कर मारा.

आता पैसे. ‘साडेसहाशेचा वन बीएचके’ हे बोलण्यातलं, करारनाम्यात रेरा कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र, चौरस मीटरमध्ये असतं. त्याला १०.७६४ ने गुणा. ३८.२० चौ. मी. म्हणजे ४११ चौरस फूट. बांधकाम चालू असलेल्या ५० लाखांच्या फ्लॅटवर मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे साडेतीन लाख, नोंदणी ३० हजार, जीएसटी ५ टक्के म्हणजे अडीच लाख, असे वरचे सहा लाख तीस हजार. खरेदीदार फक्त स्त्री असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट. किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट ६० चौ. मी.पर्यंत असेल तर जीएसटी १ टक्का, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलात तर शून्य. ५० लाख किंवा जास्त किंमत असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा, तो विक्रेत्याच्याच रकमेतून जातो. पार्किंग आणि सोसायटीच्या आगाऊ मेंटेनन्सचा आकडा आधीच लेखी घ्या, तो शेवटच्या दिवशी वाढतो.

आणि नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांवर एक रुपयाही घेता येत नाही. ‘आज वीस टक्के भरा, भाव लॉक करतो’ म्हणणाऱ्याला रेरा कायद्याचं कलम १३ दाखवा.